ईस्टरच्या सुट्टीत रोम : शुक्रवार ते सोमवार नियोजन कसे करावे?

कृष्णाकाठ

नमस्कार. आम्ही नोकरीनिमित्त म्युनिकला राहतो. २०२७ साली ईस्टर २८ मार्चला आहे, त्यामुळे इथे शुक्रवार २६ मार्च ते सोमवार २९ मार्च अशी सलग चार दिवसांची सुट्टी मिळते, आणि त्या सुमारास आई-बाबाही साताऱ्याहून आमच्याकडे आलेले असतील. दोघेही सत्तरीच्या आसपास आहेत. चालण्याची सवय आहे, परंतु तासन्‌तास उभे राहणे बाबांच्या गुडघ्यांना मानवत नाही. आई पूर्ण शाकाहारी आहे. बाबांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आणि रोम पाहायचे हे त्यांनी फार पूर्वीपासून मनात धरले आहे.

जर्मनीत गुड फ्रायडेला सगळे कडकडीत बंद असते. बव्हेरियात तर त्या दिवशी सार्वजनिक ठिकाणी नाचगाण्यालाही कायद्याने मनाई आहे. रोममध्येही तसेच असणार असे गृहीत धरून शुक्रवार केवळ प्रवासासाठी ठेवावा, शनिवारी कोलोसियम, रविवारी पोप यांचे दर्शन आणि सोमवारी व्हॅटिकनची संग्रहालये, असा कच्चा आराखडा केला आहे. तो व्यवहार्य आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सातटेकड्या

जर्मनीचा हिशेब रोमला लावू नका, कारण तो नेमका उलटा पडतो. इटलीत गुड फ्रायडे ही सार्वजनिक सुट्टी नाही. बँका, दुकाने, बस, कचेऱ्या सगळे नेहमीसारखे चालू असते, आणि पोप जिथले बिशप आहेत त्याच शहरात असे कसे, याचे बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला नवल वाटते. सुट्टी असते ती रविवारची आणि सोमवारची. सोमवारला इथे पास्क्वेत्ता म्हणतात आणि त्या दिवशी रोमकर डबे बांधून उद्यानांत, समुद्राकडे नाहीतर फ्रास्काती वगैरे टेकड्यांवरच्या गावांकडे निघतात.

त्यामुळे तुमचा आराखडा जवळजवळ उलटा करावा लागेल. व्हॅटिकनची संग्रहालये, म्हणजे त्यांतच येणारे सिस्टीन चॅपेलही, ईस्टरच्या रविवारी आणि सोमवारी दोन्ही दिवस बंद असतात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिथे विनामूल्य प्रवेश असतो, असे वाचून काही जण त्या भरवशावर राहतात. २८ मार्च हा महिन्याचा शेवटचा रविवार आहे खरा, परंतु तो ईस्टरचा असल्यामुळे ती सवलत त्या दिवशी लागू होत नाही. संग्रहालयांसाठी तुमच्याकडे शुक्रवार किंवा शनिवार एवढेच उरतात.

कोलोसियमचे याच्या बरोबर उलट आहे. ते ईस्टरच्या रविवारी आणि सोमवारीही उघडे असते, पण शुक्रवारी संध्याकाळी पोप यांच्या उपस्थितीत तिथे क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासाचे स्मरण करणारा विधी, होते, त्यामुळे त्या दिवशी ते लवकर बंद करतात. शुक्रवारी दुपारी विमानतळावरून थेट कोलोसियमला जाऊ, असा बेत अजिबात करू नका.

तिकिटांचे दोन वेगळे हिशेब आहेत. व्हॅटिकन संग्रहालयांची तिकिटे सुमारे साठ दिवस आधी खुली होतात, म्हणजे तुमच्यासाठी जानेवारीचा शेवटचा आठवडा महत्त्वाचा. सध्या तिकीट २० युरो आणि आगाऊ आरक्षणाचे वर ५ युरो असा दर आहे. कोलोसियमची तिकिटे तीस दिवस आधी येतात, त्यांचा दर १८ युरो आहे आणि त्यात रोमन फोरम व पॅलेटाइन टेकडीही येते. या तिकिटांवर प्रत्येकाचे नाव छापलेले असते, त्यामुळे आई-बाबांचे पारपत्र बरोबर ठेवा आणि नाव नोंदवताना पारपत्रावरचेच स्पेलिंग वापरा.

उलटसुलट

माझे मत थोडे कटू वाटेल. सत्तरीच्या आई-बाबांना घेऊन ईस्टरलाच रोमला जाण्याचा अट्टहास का? हॉटेलांचे दर चढलेले, सुरक्षा तपासणीच्या रांगा लांबलचक, मार्चअखेरीची हवा बेभरवशाची. कधी लख्ख ऊन, तर कधी दिवसभर पाऊस. पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या आठवड्यात एक रजा टाकून गेलात तर तेच शहर निम्म्या त्रासात पाहून होईल. ज्यांना धार्मिक विधींत सहभागी व्हायचे आहे त्यांनी ईस्टरला जावे, ज्यांना इतिहास पाहायचा आहे त्यांनी इतर वेळी जावे, असे मला स्पष्टपणे वाटते.

सातटेकड्या

@उलटसुलट, गर्दी असते हे मान्य आहे, परंतु ती शहरभर पसरलेली नसते. सेंट पीटर्स या व्हॅटिकनमधल्या मोठ्या चर्चचा परिसर, कोलोसियम आणि त्रेवी कारंजे ते स्पॅनिश पायऱ्या हा पट्टा, अशा तीन गाठी सोडल्या तर उरलेले रोम ईस्टरच्या रविवारी दुपारी आश्चर्य वाटावे इतके रिकामे असते. सगळे जण घरी किंवा नातेवाइकांकडे जेवायला बसलेले असतात. तेस्ताच्चो भागात या, केस्तियसचा पिरॅमिड पाहा. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकात एका रोमन अधिकाऱ्याने इजिप्तच्या धर्तीवर बांधून घेतलेली ही कबर पुढे शहराच्या तटबंदीतच बसवून टाकली. तिला लागूनच बिगर-कॅथलिक लोकांची दफनभूमी आहे, कीट्स आणि शेली या इंग्रज कवींच्या कबरी तिथेच आहेत. कृष्णाकाठ यांच्या बाबांना हे आवडेल, असे वाटते.

अडचण असते ती या तीन गाठींच्या मधून आरपार जाण्याची. पुण्यात विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्याच्या एका बाजूच्या घरातून समोरच्या घरात जायला जशी अर्ध्या गावाची प्रदक्षिणा घालावी लागते, तसे रविवारी सकाळी व्हॅटिकनच्या आसपास होते. नकाशावर दहा मिनिटे दिसणाऱ्या अंतराला पाऊण तास लागतो, बसचे मार्ग वळवलेले असतात आणि अडथळे कुठे लावले आहेत ते तिथे गेल्यावरच कळते. यावर उपाय इतकाच की एका दिवशी एकाच गाठीत जायचे आणि तिथून निघाल्यावर दुसरीकडे वळायचे नाही.

पारनाका

मी वसईचा कॅथलिक आहे आणि पवित्र आठवड्यात रोमला राहण्याचे भाग्य मला लाभले आहे, म्हणून विधींच्या अंगाने लिहितो.

शुक्रवारची क्रुसाची वाट रात्री सव्वानऊला सुरू होते. येशूला मृत्युदंड झाल्यापासून कबरीत ठेवेपर्यंतची चौदा स्थाने असतात. प्रत्येक स्थानावर चिंतन वाचले जाते, प्रार्थना होते आणि क्रूस पुढच्या स्थानाकडे नेला जातो. कोलोसियममध्ये ही भक्ती अठराव्या शतकात, १७५० साली, पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी सुरू केली. पुढे ती खंडित झाली आणि १९६४ साली पोप सहावे पॉल यांनी तिचे पुनरुज्जीवन केले. करोनाकाळात, २०२० आणि २०२१ साली, ती सेंट पीटर्सच्या चौकातच झाली होती. तिकीट लागत नाही. मात्र बसायला जागाही नसते. चांगली जागा हवी असेल तर दोन-तीन तास आधी जाऊन उभे राहावे लागते आणि मार्चमधली रात्र थंड असते. कागदी कवचातल्या मेणबत्त्या हातोहात पेटत जातात, वाऱ्याने विझतात आणि शेजारचा अनोळखी माणूस न बोलता आपल्या ज्योतीवरून पुन्हा पेटवून देतो. मला स्वतःला पोप महोदयांच्या आगमनापेक्षा हे अधिक लक्षात राहिले आहे. बाबांचे गुडघे लक्षात घेता मी सांगेन की हा सोहळा हॉटेलातल्या दूरचित्रवाणीवर पाहावा. इटलीची सरकारी वाहिनी तो थेट दाखवते.

गुरुवारी रात्रीच पोहोचता आले तर मात्र आवर्जून या. पुण्य गुरुवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशीच्या, मिस्सानंतर (चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर) चर्चच्या एका बाजूच्या वेदीवर पवित्र साक्रामेंत, म्हणजे अभिमंत्रित भाकर, फुलांनी, दिव्यांनी सजवून ठेवतात आणि रोमकर कुटुंबे एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये असे दर्शन घेत रात्री उशिरापर्यंत हिंडतात. सात चर्चची यात्रा करण्याच्या प्रथेला सोळाव्या शतकात संत फिलिप नेरी यांनी चालना दिली. त्या रात्री एरवी बंद असणारी लहान चर्चेही उघडी असतात, प्रवेशमूल्य नसते, ढकलाढकली नसते आणि बसायला बाकडी असतात. गुरुवारच्या मिस्सात ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत झाले की शनिवारच्या रात्रीच्या जागरणापर्यंत घंटा वाजत नाहीत, हेही ध्यानात येईल. एरवी दर पाव तासाला कुठली ना कुठली घंटा ऐकू येणाऱ्या शहरात ती शांतता जाणवते.

आता रविवार. सकाळी सेंट पीटर्सच्या चौकात पोप महोदयांचा मिस्सा असतो आणि दुपारी बारा वाजता बॅसिलिकाच्या, म्हणजे सेंट पीटर्स चर्चच्या, दर्शनी सज्जातून ते ‘उर्बी एत ओर्बी’ हा शहराला आणि जगाला द्यायचा आशीर्वाद देतात. मिस्साला तिकीट लागते, ते पोप यांच्या निवासाचे कामकाज पाहणाऱ्या प्रीफेक्चरकडून आगाऊ अर्ज करून मिळते आणि पूर्णपणे विनामूल्य असते. कोणी पैसे घेऊन ते देऊ करत असेल तर तिथूनच परत फिरावे. तिकिटावर आसन क्रमांक नसतो. जो आधी पोहोचेल तो पुढे बसेल. बारा वाजताच्या आशीर्वादाला तिकीट लागत नाही, सुरक्षा तपासणी मात्र सर्वांनाच असते.

ख्रिस्ती नसलेल्यांनी यावे की नाही असा संकोच अनेकांना वाटतो. तो बाळगू नये. कम्युनियनच्या वेळी, म्हणजे धर्मगुरू पवित्र भाकर देत फिरतात तेव्हा, आपण आपल्या जागी शांत बसून राहावे, रांगेत जाऊ नये, एवढाच संकेत पाळायचा असतो. चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. साडी किंवा सलवार-कमीज असेल तर हा प्रश्नच येत नाही.

मीठभाकर

जेवणाविषयी मी सविस्तर लिहिते, कारण रोममध्ये शाकाहार सोपा आहे असे सर्रास सांगितले जाते आणि ते अर्धेच खरे आहे.

मार्च-एप्रिल हा आर्टिचोकचा हंगाम, आणि रोमची ही भाजी दोन तऱ्हांनी होते. रोमन तऱ्हेत ती पुदिन्यासारख्या रानटी पाल्यात, लसूण आणि ऑलिव्ह तेलात देठ वर करून मंद शिजवतात. ज्यू तऱ्हेत ती तेलात दोनदा तळतात, तेव्हा पाकळ्या उघडून करड्या-सोनेरी शेवंतीच्या फुलासारख्या दिसतात आणि बाहेरच्या पाकळ्या चक्क कुरकुरीत लागतात. दुसरा प्रकार खायचा तर जुन्या ज्यू वस्तीत जा. आईंना दोन्ही चालतील. ‘पुंतारेल्ले’ नावाची कडसर पालेभाजीची कोशिंबीर दिसायला निष्पाप असते, पण तिच्या मसाल्यात अँकोवी मासा वाटून घातलेला असतो. ‘सुप्ली’ म्हणजे भाताचे तळलेले गोळे. मूळ कृतीत मांसाचा रस्सा असतो, म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नका. वसंतातली ‘विन्यारोला’ ही मटार, कोवळी बाकला आणि आर्टिचोक यांची भाजी, परंतु अनेक ठिकाणी तीत डुकराच्या गालाच्या खारवलेल्या मांसाचे तुकडे असतात. काचो ए पेपे हा पास्ता केवळ चीज आणि मिरी यांचा असतो हे खरे, मात्र पेकोरिनो रोमानो चीज कोकराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याने, विरजलेले असते. आई किती काटेकोर आहेत त्यावर हे ठरवा. खात्रीशीर पर्याय म्हणजे वजनावर विकला जाणारा पिझ्झा. बटाटा आणि रोजमेरीचा किंवा नुसता टोमॅटोचा घ्यावा, दोन्हींवर सहसा चीज नसते.

ईस्टरच्या दुपारी बहुतेक उपाहारगृहांत ठरावीक मेजवानी असते आणि तिचा मुख्य पदार्थ कोकराचे मांस असतो. म्हणून रविवारची दुपार आधीच ठरवून ठेवा, नाहीतर खोलीवर स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. शनिवारी संध्याकाळपर्यंत दूध, फळे, पाव भरून ठेवा, कारण रविवारी दुकाने मोठ्या प्रमाणात बंद असतात. तेर्मिनी स्थानकापासून चालत जाण्याजोग्या पियात्झा व्हित्तोरिओच्या परिसरात बांगलादेशी आणि भारतीय वाणसामानाची दुकाने आहेत. तिथे तूरडाळ, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या सगळे मिळते.

गोडात ‘कोलोंबा’ नावाचा कबुतराच्या आकाराचा, वर बदाम आणि साखरेचे खडे लावलेला केक सगळीकडे दिसेल. त्यात अंडी असतात.

दूरदेशी

एक अनुभव. २०२५ साली ईस्टर २० एप्रिलला होता आणि आम्ही त्या दिवशी चौकात होतो. आजारी असलेले पोप फ्रान्सिस चाकाच्या खुर्चीत सज्जात आले, क्षीण आवाजात शुभेच्छा दिल्या, त्यांचा संदेश दुसऱ्यांनी वाचला आणि मग कोणाला फारशी अपेक्षा नसताना ते मोटारीतून चौकात फिरले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे निधन झाले. पास्क्वेत्ताची सहल म्हणून उद्यानाकडे निघालेली माणसे बसमध्ये एकमेकांना भ्रमणध्वनी दाखवत होती आणि बस नेहमीप्रमाणे प्रत्येक थांब्यावर थांबत पुढे चालली होती.

सांगायचे हे की त्यांचे दफन व्हॅटिकनमध्ये नसून सांता मारिया माज्जोरे या बॅसिलिकेत आहे. साध्या दगडावर ‘फ्रान्सिस्कुस’ एवढेच कोरले आहे. हे ठिकाण तेर्मिनीजवळ असून प्रवेशमूल्य नाही. पाचव्या शतकातली मोझेइक चित्रेही तिथे आहेत, त्यामुळे शुक्रवारी पोहोचल्यावर थकलेल्या आई-बाबांना घेऊन जायला ते उत्तम.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गुरुवारी रात्री निघण्याचा प्रयत्न करत आहोत. आता दोन गोष्टी उरतात. पहिली, २८ मार्चला युरोपातली घड्याळे पुढे सरकतात, त्याचा मिस्साच्या वेळेवर काही परिणाम होतो का? दुसरी, पोपना एकदा डोळ्यांनी पाहावे ही आईची इच्छा आहे, आणि मायकलँजेलोची ‘पिएता’, म्हणजे मृत येशूला मांडीवर घेतलेल्या मरियेचे सेंट पीटर्समधले शिल्प, पाहिल्याशिवाय बाबा परतणार नाहीत. रविवारच्या गर्दीत या दोन्ही गोष्टी होतील असे वाटत नाही.

सातटेकड्या

घड्याळांविषयी : रविवारी पहाटे दोनचे तीन होतात, त्यामुळे झोप एक तासाने कमी होईल आणि चौकात लवकर जाणाऱ्यांना तो तास चांगलाच जाणवेल. कार्यक्रमांच्या वेळा नव्या वेळेनुसारच असतात. साताऱ्याला फोन करताना फरक साडेचार तासांऐवजी साडेतीन तासांचा झालेला असेल. योगायोग असा की ईस्टरची तारीख वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवरून ठरते आणि २०२७ साली ती पौर्णिमा आपली होळीचीच आहे, म्हणून हा ईस्टर इतक्या लवकर आला आहे. २०२८ साली तो थेट १६ एप्रिलला असेल.

राहण्यासाठी मोंती किंवा प्राती हे भाग सुचवतो. फ्युमिचिनो विमानतळावरून लिओनार्दो एक्स्प्रेस ही रेल्वेगाडी १४ युरोत सुमारे अर्ध्या तासात तेर्मिनीला आणते. शहरातले साधे तिकीट दीड युरोचे असून शंभर मिनिटे चालते, मेट्रोसाठी मात्र त्यात एकच फेरी. तेर्मिनीहून व्हॅटिकनकडे जाणाऱ्या ६४ क्रमांकाच्या बसमध्ये पाकीटमार असतात. पिशवी पुढे धरा. आणि बूट मऊ तळव्यांचे घ्या, कारण इथले जुने रस्ते बसाल्टच्या लहान चौकोनी दगडांचे आहेत. पावसात ते निसरडे होतात आणि फटींत टाच अडकते.

पारनाका

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोमवारी आहे, आणि ते फार थोड्यांना ठाऊक असते. ईस्टर सोमवारी दुपारी बारा वाजता पोप महोदय चौकालगतच्या व्हॅटिकन प्रासादाच्या वरच्या मजल्यावरील खिडकीत येऊन ‘रेजिना चेली’ ही मरियामातेची प्रार्थना म्हणतात. साधारण पाव तासाचा कार्यक्रम असतो, तिकीट नसते, आणि रविवारच्या तुलनेत गर्दी फारच कमी असते. आई त्यांना दुरून का होईना, पाहू शकतील.

पिएताही त्याच दिवशी करा. शुक्रवारी दुपारी, शनिवारी रात्री आणि रविवारी सकाळी विधींमुळे बॅसिलिका पर्यटकांना बंद असते. सोमवारी ती सकाळी सातला उघडते. साडेसातच्या आत रांगेत उभे राहिलात तर तपासणी लवकर आटोपते. आत शिरताच उजव्या हाताच्या पहिल्या चॅपेलमध्ये, काचेमागे, पिएता आहे. १९७२ साली एकाने हातोड्याने तिच्यावर घाव घातले, तेव्हापासून ही काच आहे. तिथून बाहेर पडून प्रातीमध्ये बसून कॉफी घ्यावी आणि साडेअकराला पुन्हा चौकात यावे, कारण दुसऱ्यांदाही तपासणीतून जावे लागेल. खांबांच्या ओळींखाली पायऱ्या आहेत. बाबांना तिथे बसता येईल, पण बॅसिलिकेकडे तोंड केल्यावर खिडकी उजवीकडच्या इमारतीत येत असल्यामुळे डाव्या बाजूच्या पायऱ्या निवडा, तिथूनच ती दिसते.

उलटसुलट

सोमवारच्या या कार्यक्रमाची मला कल्पना नव्हती. हॉटेलांच्या दरांविषयीचे माझे मत मात्र कायम आहे. रद्द करता येणारे आरक्षण आजच करून ठेवा.

सातटेकड्या

सोमवारी दुपारनंतर कोलोसियमची वेळ घेता येईल. एकाच दिवशी एका गाठीतून दुसऱ्या गाठीत जाऊ नका असे मीच लिहिले होते, परंतु व्हॅटिकनजवळच्या ओत्ताव्हियानो स्थानकाहून मेट्रोने तेर्मिनी आणि तिथे गाडी बदलून कोलोसेओ, असे जमिनीखालून गेल्यास त्या दिवशी अडचण येत नाही. तिथल्या मेट्रोच्या सी मार्गिकेचे स्थानक डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाले आहे आणि खोदताना सापडलेल्या वस्तू स्थानकातच मांडल्या आहेत. बाबांसाठी अर्धा तास हातचा ठेवा. सुट्टीच्या दिवशी फोरमच्या कडेचा मोठा रस्ता मोटारींना बंद असतो, त्यामुळे त्यावरून रमतगमत चालता येते. कोलोसियममध्ये उद्वाहक आहे. म्युनिकचे परतीचे विमान रात्री आठच्या आधीचे घेऊ नका.